रोमन प्रजासत्ताकाकडून साम्राज्यसत्तेकडे : पद आणि अधिकार यांच्या विभक्तीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रोमन परंपरेनुसार इ. स. पू. ५०९ मध्ये टार्क्विनियस सुपर्बस या शेवटच्या राजाला हद्दपार करून रोमन लोकांनी प्रजासत्ताकाची स्थापना केली. राजेशाही संपल्याचे वर्ष परंपरेने अशा प्रकारे निश्चित करून ठेवले. प्रजासत्ताक संपल्याचे वर्ष मात्र कोणत्याही रोमन कायद्यात वा ठरावात सापडत नाही. इ. स. पू. ४९ मध्ये ज्यूलियस सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली तेव्हा प्रजासत्ताक संपले, असे काही अभ्यासक मानतात. काही जण इ. स. पू. ४२ ची फिलिप्पीची लढाई, काही इ. स. पू. ३१ ची अ‍ॅक्टियमची लढाई, तर काही इ. स. पू. २७ मधील ऑगस्टसची घटनात्मक व्यवस्था ही सीमारेषा मानतात. वस्तुतः इ. स. १४ मध्ये ऑगस्टसचा मृत्यू झाला तेव्हाही रोममध्ये सिनेटच्या बैठका होत होत्या, दरवर्षी नवे कॉन्सल पद ग्रहण करीत होते आणि ट्रिब्यून आपापल्या पदावर होते. पदे जुनीच होती, त्यांची नावेही जुनीच होती. राज्याची सूत्रे मात्र एका व्यक्तीच्या हाती होती.

महाविद्यालयीन अध्यापनात हे स्थित्यंतर बहुधा ग्रॅकस बंधू, मेरियस, सुल्ला, पॉम्पी, सीझर आणि ऑगस्टस यांच्या चरित्रांच्या मालिकेतून मांडले जाते. त्यामुळे नेत्यांची महत्त्वाकांक्षा हेच प्रजासत्ताकाच्या ऱ्हासाचे कारण होते, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. परंतु महत्त्वाकांक्षी पुरुष रोममध्ये पूर्वीही होते. त्यांच्या महत्त्वाकांक्षेला चारशे वर्षे आवर घालणारी बंधने याच काळात का सैल झाली, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रोमन प्रजासत्ताकात सत्तेवर असलेल्या बंधनांचे स्वरूप समजून घेणे.
२) इ. स. पू. १३३ ते इ. स. १४ या काळात ही बंधने कोणत्या टप्प्यांनी दूर झाली, याचा शोध घेणे.
३) ऑगस्टसच्या व्यवस्थेतील जुने व नवे घटक स्पष्ट करणे.

गृहीतक :

रोमन प्रजासत्ताकाचा अंत पदे रद्द केल्यामुळे झाला नाही. पदाला जोडलेला अधिकार पदापासून आणि पदाच्या मुदतीपासून वेगळा करून व्यक्तीला देता येतो, ही कल्पना हळूहळू मान्य होत गेली. तिच्या मान्यतेतून साम्राज्यसत्ता उदयास आली.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पॉलिबियस, सिसेरो, प्लुटार्क, अ‍ॅपियन, सुएटोनियस, टॅसिटस व डिओ कॅसियस यांच्या लेखनातील माहिती तसेच शिलालेख व ताम्रलेख यांचा आधार घेतला आहे. यांपैकी प्लुटार्क, अ‍ॅपियन, सुएटोनियस, टॅसिटस आणि डिओ यांनी साम्राज्य स्थिरावल्यानंतर लेखन केले. शेवट ठाऊक असलेल्या लेखकांचे हे लेखन असल्याने त्यांचे अभिप्राय आणि त्यांनी नोंदविलेल्या घटना यांत फरक करणे आवश्यक ठरते.

१. प्रजासत्ताकातील सत्तेची बंधने :

राजाकडे असलेला सर्वोच्च अधिकार, ज्याला रोमन लोक इम्पेरियम म्हणत, प्रजासत्ताकात नष्ट झाला नाही. तो विभागला गेला. दोन कॉन्सल एका वर्षासाठी निवडले जात आणि एकाच्या निर्णयाला दुसरा हरकत घेऊ शकत असे. सामान्य प्लेबियन वर्गाच्या संरक्षणासाठी निर्माण झालेल्या ट्रिब्यून या पदाला नकाराधिकार होता आणि ट्रिब्यूनचे शरीर पवित्र व अस्पर्श मानले जात असे. ट्रिब्यूनांची संख्या पुढे दहा झाली. त्यांचीही मुदत एका वर्षाचीच होती. गंभीर संकटात डिक्टेटर नेमण्याची सोय होती. त्याला सहकारी नसे, परंतु त्याची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसे. इ. स. पू. १८० च्या कायद्याने विविध पदांसाठी किमान वयाची अटही घालण्यात आली.

या रचनेतून तीन तत्त्वे स्पष्ट होतात. अधिकार पदाबरोबर येतो व पदाबरोबर जातो, हे पहिले तत्त्व. प्रत्येक पदाला मुदत असते, हे दुसरे. पदाधिकाऱ्याला सहसा समान अधिकाराचा सहकारी असतो, हे तिसरे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमच्या सामर्थ्याची कारणे शोधणाऱ्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराला कॉन्सल, सिनेट आणि जनता यांच्या परस्पर नियंत्रणात ते सामर्थ्य दिसले.

अर्थात ही व्यवस्था समतेची नव्हती. मोजक्या घराण्यांतील पुरुषच पुन्हा पुन्हा कॉन्सल होत. संपत्तीनुसार मतांचे वजन ठरविणारी सभा आणि धार्मिक अधिकार यांमुळे उच्चभ्रूंचे वर्चस्व टिकून राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मधील ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात याच मुद्द्याकडे लक्ष वेधले आहे. प्लेबियनांना कॉन्सलपदाचा हक्क मिळाला, तरी निवडलेली व्यक्ती देवतेला मान्य असली पाहिजे या धार्मिक श्रद्धेमुळे त्या हक्काचा प्रत्यक्ष लाभ त्यांना मिळाला नाही, असे त्यांचे विवेचन आहे. कागदावरील अधिकार आणि प्रत्यक्ष सत्ता यांतील हे अंतर पुढील दीडशे वर्षांच्या घडामोडींत वेगवेगळ्या रूपांत प्रकट होते.

२. इ. स. पू. १३३ : पहिला तडा :

इ. स. पू. १४६ मध्ये कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन्ही शहरे रोमने नष्ट केली. विजयांमुळे आलेली संपत्ती मूठभर कुटुंबांकडे गेली. दीर्घकाळ परदेशी लढणाऱ्या शेतकरी सैनिकांच्या जमिनी ओसाड पडल्या, तर सार्वजनिक जमिनींवर धनिकांनी ताबा मिळविला. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सार्वजनिक जमिनीच्या ताब्यावर ५०० युगेरा ही मर्यादा अंमलात आणून उरलेली जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा मांडला.

मार्कस ऑक्टेव्हियस या सहकारी ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला, तेव्हा टायबेरियसने लोकसभेच्या मतदानाने त्यालाच पदच्युत केले. त्यानंतर तो स्वतः लागोपाठ दुसऱ्या वर्षासाठी ट्रिब्यूनपदाची निवडणूक लढवू लागला. हे डोईजड झालेल्या सिनेट सदस्यांनी मोडलेल्या बाकांचे सोटे करून त्याला व त्याच्या सुमारे ३०० समर्थकांना ठार केले. या घटनेत दोन्ही पक्षांनी मर्यादा ओलांडल्या. एकाने सहकाऱ्याचे बंधन झुगारले आणि मुदतीचे बंधन झुगारण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्याने ट्रिब्यूनच्या पवित्र शरीरावर शस्त्र चालविले. इ. स. पू. १२१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस याचाही अंत हिंसेतच झाला. त्या वेळी सिनेटने राज्य वाचविण्यासाठी आवश्यक ते करण्याचा आदेश कॉन्सलला दिला. अशा ठरावाचा हा पहिला ज्ञात प्रसंग होय. जमिनीचा प्रश्न खरा होता आणि टायबेरियसचा कायदा न्याय्य होता, हे मान्य केले तरी त्याने वापरलेला मार्ग इतरांसाठीही खुला झाला, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

३. सैन्याची निष्ठा : मेरियस आणि सुल्ला :

इ. स. पू. १०७ मध्ये कॉन्सल झालेल्या मेरियसने मालमत्ता नसलेल्या नागरिकांना सैन्यात भरती केले. निवृत्तीनंतर या सैनिकांना परतण्यासाठी शेत नव्हते. राज्यानेही त्यांच्या निवृत्तीची कोणतीही कायम तरतूद केली नाही. जमीन मिळाली तर ती सेनापतीच्या राजकीय प्रभावामुळे मिळे. साहजिकच सैनिकांचे हित सिनेटऐवजी सेनापतीशी जोडले गेले. मेरियस स्वतः इ. स. पू. १०४ ते १०० अशी सलग पाच वर्षे कॉन्सल राहिला. उत्तरेकडील जमातींच्या आक्रमणाचे संकट खरे होते, म्हणून मुदतीचे तत्त्व बाजूला ठेवण्यास फारशी हरकत घेतली गेली नाही.

या बदलाचे परिणाम इ. स. पू. ८८ मध्ये दिसून आले. पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्याविरुद्धच्या युद्धाचे नेतृत्व सिनेटने कॉन्सल सुल्ला याच्याकडे दिले होते. सल्पिसियस या ट्रिब्यूनने कायदा करून ते मेरियसकडे सोपविले. सुल्लाने नोला येथील आपल्या सैन्याला ही बातमी सांगितली. पूर्वेकडील लुटीची संधी आपल्याऐवजी दुसऱ्या सैनिकांना मिळेल, अशी भीती त्यांना वाटली आणि त्यांनीच रोमवर चालून जाण्याचा आग्रह धरला. अ‍ॅपियनच्या वृत्तांतानुसार एक क्वेस्टर वगळता सुल्लाच्या सर्व अधिकाऱ्यांनी त्याला सोडले. सामान्य सैनिक मात्र त्याच्याबरोबर राहिले. रोमन सैन्य रोम जिंकण्यासाठी शहरात शिरल्याचा हा पहिला प्रसंग होता. या मोहिमेत अधिकाऱ्यांना कायदा दिसत होता, तर सैनिकांना भाकरी दिसत होती.

यादवी युद्ध जिंकल्यावर इ. स. पू. ८२ मध्ये सुल्ला डिक्टेटर झाला. सुमारे १२० वर्षे हे पद कोणी भूषविले नव्हते. जुन्या पदाचे नाव घेताना त्याची सहा महिन्यांची मुदत मात्र गाळण्यात आली. कायदे करण्यासाठी आणि राज्याची पुनर्रचना करण्यासाठी ही नेमणूक होती. सुल्लाने विरोधकांच्या नावांच्या याद्या जाहीर करून त्यांच्या हत्येला बक्षीस ठेवले, सिनेटची सदस्यसंख्या वाढविली आणि ट्रिब्यूनांचे अधिकार कमी केले. पुढे त्याने स्वेच्छेने पद सोडले. सिनेटची सत्ता बळकट करणे हा त्याचा हेतू होता. परंतु ती बळकट करण्यासाठी त्याने वापरलेले साधनच पुढील पिढीच्या लक्षात राहिले.

४. विशेष अधिकारांचे कायदे : पॉम्पी :

सुल्लाचा मार्ग बळाचा होता. पॉम्पीच्या बाबतीत तेच कार्य मतदानाने झाले, म्हणून त्याचा विचार अधिक बारकाईने करणे आवश्यक आहे. इ. स. पू. ७० मध्ये पॉम्पी कॉन्सल झाला, तेव्हा त्याने खालचे एकही पद भूषविलेले नव्हते. त्याच वर्षी त्याने व क्रॅससने ट्रिब्यूनांचे अधिकार पूर्ववत केले.

या काळात भूमध्य समुद्रातील चाचेगिरीमुळे रोमचा धान्यपुरवठा धोक्यात आला होता. इ. स. पू. ६७ मध्ये गॅबिनियस या ट्रिब्यूनने मांडलेल्या कायद्यानुसार पॉम्पीला संपूर्ण भूमध्य समुद्र आणि किनाऱ्यापासून आत ५० रोमन मैलांपर्यंतच्या प्रदेशावर तीन वर्षांसाठी अधिकार देण्यात आला. त्या वेळी पॉम्पी कोणत्याही पदावर नव्हता. अधिकार मात्र कोणत्याही कॉन्सलपेक्षा विस्तृत प्रदेशावर होता. इतकी सत्ता एका माणसाकडे देणे घातक आहे, असा इशारा ज्येष्ठ सिनेट सदस्य कॅट्युलस याने दिला. ट्रेबेलियस या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरताच गॅबिनियसने त्याला पदच्युत करण्यासाठी मतदान सुरू केले. ३५ पैकी १७ गणांनी विरोधात मत दिल्यावर ट्रेबेलियसने माघार घेतली. इ. स. पू. १३३ चा पायंडा ६६ वर्षांनी असा उपयोगी पडला.

कायद्याचे समर्थकही चुकीचे ठरले नाहीत. पॉम्पीची नेमणूक होताच रोममध्ये धान्याचे भाव उतरले आणि सुमारे तीन महिन्यांत समुद्र चाच्यांपासून मुक्त झाला. दुसऱ्या वर्षी, इ. स. पू. ६६ मध्ये, मिथ्रिडेटिसविरुद्धच्या युद्धाची सूत्रेही त्याला देण्यात आली. त्या प्रस्तावाचे समर्थन सिसेरोने केले. प्रजासत्ताकाचा सर्वांत मोठा वक्ता आणि रक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीनेच विशेष अधिकारांच्या बाजूने भाषण करावे, ही बाब सूचक आहे. सिसेरोला राजेशाही नको होती. वार्षिक पदांच्या चौकटीत न बसणारे साम्राज्य रोमने मिळविले होते आणि ते सांभाळण्यासाठी अपवादाशिवाय दुसरा उपाय त्यालाही दिसत नव्हता. विशेष अधिकारांची यशस्विता हेच त्यांच्या पुढील मागणीचे सर्वांत प्रभावी कारण बनले.

५. ज्यूलियस सीझर : पदांचे रितेपण :

पॉम्पी, क्रॅसस आणि सीझर यांच्यातील समझोत्यामुळे सीझर इ. स. पू. ५९ मध्ये कॉन्सल झाला आणि त्याला गॉल प्रांताचा दीर्घ मुदतीचा अधिकार मिळाला. इ. स. पू. ५३ मध्ये क्रॅसस पार्थियनांविरुद्धच्या लढाईत मारला गेला, तेव्हा दोन बलाढ्य सेनापती समोरासमोर उरले.

इ. स. पू. ५० च्या अखेरीस क्यूरियो या ट्रिब्यूनने सीझर व पॉम्पी या दोघांनीही आपापल्या सैन्याचे अधिकार सोडावेत, असा प्रस्ताव सिनेटपुढे ठेवला. अ‍ॅपियनने दिलेल्या आकड्यांनुसार ३७० सदस्यांनी त्याच्या बाजूने व केवळ २२ सदस्यांनी विरोधात मत दिले. सिनेटच्या प्रचंड बहुमताला युद्ध नको होते. तरीही काही आठवड्यांतच, इ. स. पू. ४९ च्या जानेवारीत, युद्ध सुरू झाले. कारण ३७० मतांचा निर्णय अंमलात आणण्यासाठी लागणारे सैन्य सिनेटकडे नव्हते. ते पॉम्पीकडे होते आणि सीझरकडे होते. प्रजासत्ताकाच्या दुर्बलतेचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

युद्धातील विजयांबरोबर सीझरची डिक्टेटरपदाची मुदत वाढत गेली. इ. स. पू. ४९ मध्ये अकरा दिवस, ४८ मध्ये एक वर्ष, ४६ मध्ये दहा वर्षे आणि ४४ च्या प्रारंभी आजीवन, असा हा क्रम आहे. त्याच्या सुधारणा मौलिक होत्या. त्याने कालगणना शुद्ध केली, मोफत धान्य घेणाऱ्यांची संख्या ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली आणि सिनेटमध्ये नव्या वर्गाला स्थान देऊन तिची सदस्यसंख्या ९०० पर्यंत नेली. परंतु जुन्या पदांविषयी त्याने आदर दाखविला नाही. इ. स. पू. ४५ च्या शेवटच्या दिवशी एका कॉन्सलचा मृत्यू झाला, तेव्हा उरलेल्या काही तासांसाठी कॅनिनियस रेबिलस याला त्या पदावर निवडून आणण्यात आले. सिसेरोने एका पत्रात या प्रसंगाची कडवट थट्टा केली आहे. ज्या पदासाठी रोमन घराणी पिढ्यान्‌पिढ्या झटत, ते पद आता बक्षिशीसारखे दिले जात होते.

१५ मार्च इ. स. पू. ४४ रोजी सीझरचा वध झाला. सुएटोनियसच्या मते कटात ६० पेक्षा जास्त व्यक्ती सामील होत्या. व्यक्ती नाहीशी झाली की प्रजासत्ताक परत येईल, असा कटवाल्यांचा विश्वास होता. त्याच वर्षी मार्क अँटनीने कायदा करून डिक्टेटरचे पद कायमचे रद्द केले. पद गेले, त्या पदातून मिळणारी सत्ता दुसऱ्या मार्गाने मिळविता येते, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. इ. स. पू. ४३ च्या नोव्हेंबरमध्ये अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन यांना राज्याच्या पुनर्रचनेसाठी पाच वर्षांचे असाधारण अधिकार कायद्याने देण्यात आले. सुल्लाच्या याद्या पुन्हा निघाल्या आणि त्यात सिसेरोचाही बळी गेला.

६. ऑगस्टस : पदाविना अधिकार :

अ‍ॅक्टियम येथील विजय आणि इ. स. पू. ३० मध्ये अलेक्झांड्रियाचा पाडाव यानंतर ऑक्टेव्हियनला प्रतिस्पर्धी उरला नाही. सीझरने उघडपणे जे घेतले, ते ऑक्टेव्हियनने परत करण्याच्या रीतीने मिळविले. १३ जानेवारी इ. स. पू. २७ रोजी त्याने आपले असाधारण अधिकार सोडून राज्याचा कारभार सिनेट व जनतेकडे सुपूर्द केल्याचे जाहीर केले. सिनेटने स्पेन, गॉल, सीरिया इत्यादी प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्याकडे सोपविले आणि १६ जानेवारीला त्याला ऑगस्टस ही पदवी दिली. बहुसंख्य सैन्य याच प्रांतांत होते. दहा वर्षांची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आणि त्याच्या मृत्यूपर्यंत ती कधीही संपली नाही. मुदतीचे तत्त्व पाळले गेले, परंतु त्याचा अर्थ उरला नाही.

इ. स. पू. २३ मधील बदल याहून महत्त्वाचा आहे. इ. स. पू. ३१ पासून तो दरवर्षी कॉन्सल होत असे. या वर्षी त्याने ते पद सोडले. त्याऐवजी त्याला ट्रिब्यूनचा अधिकार मिळाला. दत्तकविधानामुळे पॅट्रिशियन झालेल्या ऑगस्टसला ट्रिब्यून होता येत नव्हते. तो ट्रिब्यून झालाही नाही. त्या पदाचा केवळ अधिकार त्याने घेतला. ट्रिब्यूनची मुदत एका वर्षाची असे, त्याला नऊ सहकारी असत. ऑगस्टसच्या अधिकाराला यांपैकी कोणतीही मर्यादा नव्हती. पुढे त्याने अ‍ॅग्रिपा व टायबेरियस यांना या अधिकारात सहभागी करून घेतले, परंतु सहकारी निवडणारा तोच होता. त्याचबरोबर इतर प्रांताधिकाऱ्यांपेक्षा श्रेष्ठ असा प्रांतीय अधिकारही त्याला मिळाला, आणि कॉन्सल नसतानाही तो सर्वत्र चालू राहिला. गॅबिनियसच्या कायद्याने एका संकटापुरते जे केले होते, ते येथे राज्याचे नित्य स्वरूप बनले. नंतरचे सम्राट आपली कारकीर्द ट्रिब्यूनच्या अधिकाराच्या वर्षांनी मोजत, यावरून त्याचे महत्त्व लक्षात येते. सामान्य जनतेच्या रक्षणासाठी जन्मलेला अधिकार एकसत्तेचा आधारस्तंभ झाला.

या परिवर्तनाला लोकांचा विरोध होता काय? इ. स. पू. २२ मध्ये रोममध्ये धान्यटंचाई निर्माण झाली. डिओच्या वृत्तांतानुसार जमावाने सिनेट सदस्यांना सभागृहात कोंडून, ऑगस्टसला डिक्टेटर केले नाही तर सभागृह जाळण्याची धमकी दिली. ऑगस्टसने डिक्टेटरपद नाकारले. धान्यपुरवठ्याची जबाबदारी मात्र स्वीकारली. नको असलेले नाव त्याने टाळले आणि हवे असलेले काम हाती घेतले. सिनेटच्या स्वातंत्र्याची किंमत भुकेल्या नागरिकाला फारशी वाटत नव्हती, कारण त्या स्वातंत्र्याने त्याला धान्य दिले नव्हते.

सैन्याच्या प्रश्नावरही ऑगस्टसने कायमचा उपाय योजला. अ‍ॅक्टियमनंतर साठच्या आसपास असलेल्या लीजनांची संख्या कमी करून त्याने २८ लीजनांचे कायम सैन्य ठेवले. निवृत्त सैनिकांसाठी इटलीत सुमारे ६० कोटी व प्रांतांत सुमारे २६ कोटी सेस्टर्स खर्चून जमिनी खरेदी केल्याचे त्याने आपल्या कार्यवृत्तांतात नमूद केले आहे. इ. स. ६ मध्ये सैनिकी कोषाची स्थापना करून त्याने त्यात १७ कोटी सेस्टर्स घातले आणि वारसा व लिलाव यांवरील करांचे उत्पन्न त्या कोषाला जोडले. मेरियसच्या काळापासून सिनेटने जो प्रश्न सोडविला नाही, तो सुमारे ११० वर्षांनी सुटला. हाच उपाय सिनेटने वेळीच केला असता तर सैनिकांना सेनापतीच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते.

तुर्कस्तानातील अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर ऑगस्टसचा हा कार्यवृत्तांत कोरलेला आहे. आपला अधिकार पदावरील सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता, प्रभाव तेवढा सर्वांहून अधिक होता, असा दावा त्यात आहे. प्रत्येक पद सुटे घेतले तर हा दावा तांत्रिकदृष्ट्या खोटा ठरवता येत नाही. परंतु अनेक पदांचे अधिकार एकाच व्यक्तीकडे एकवटले असता तिचा सहकारी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

७. ऑगस्टसनंतरची कसोटी :

इ. स. १४ मध्ये टायबेरियस सत्तेवर आला, तेव्हा त्याच्याकडे ट्रिब्यूनचा व प्रांतीय अधिकार आधीपासूनच होता. त्याच वर्षी अधिकाऱ्यांची निवड लोकसभेकडून सिनेटकडे गेली. इ. स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा वध झाल्यावर सिनेटने प्रजासत्ताक परत आणण्याची चर्चा केली. चर्चा चालू असतानाच प्रीटोरियन रक्षकांनी क्लॉडियसला सम्राट घोषित केले आणि त्याने प्रत्येक सैनिकाला १५,००० सेस्टर्स देण्याचे वचन दिले. इ. स. पू. ५० च्या ३७० मतांची आठवण करून देणारा हा प्रसंग आहे.

सम्राट व्हेस्पेशियनला अधिकार देणाऱ्या कायद्याचा काही भाग असलेला ब्राँझचा पत्रा आज रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. इ. स. ६९-७० च्या सुमाराच्या या लेखात सम्राटाचे अधिकार कलमवार दिले असून ऑगस्टस, टायबेरियस व क्लॉडियस यांचे दाखले दिले आहेत. राज्याच्या हिताचे वाटेल ते करण्याचा अधिकारही त्यात समाविष्ट आहे. अनियंत्रित सत्तेची ही यादी कायद्याच्या भाषेत आणि पूर्वदाखल्यांसह लिहिली गेली, हे विशेष होय.

८. इतिहासकारांची मते :

एकोणिसाव्या शतकात थिओडोर मॉमसेन यांनी ऑगस्टसच्या व्यवस्थेचे वर्णन सम्राट व सिनेट यांची द्विदल सत्ता असे केले. १९३९ मधील ‘द रोमन रिव्होल्यूशन’ या ग्रंथात रोनाल्ड साइम यांनी घटनात्मक आवरण बाजूला सारून एका पक्षाने सत्ता हस्तगत केल्याचे चित्र रेखाटले. एरिक ग्रुएन यांनी १९७४ मध्ये, प्रजासत्ताकाच्या संस्था यादवी युद्धापर्यंत कार्यरत होत्या आणि युद्धानेच त्यांचा नाश केला, असे मत मांडले. पी. ए. ब्रंट यांनी सैनिक आणि भूमिहीन शेतकऱ्यांच्या असंतोषाला महत्त्व दिले. प्रस्तुत विवेचन ब्रंट यांच्या मताला जवळचे आहे. तथापि मॉमसेन यांचे कायद्याकडे लक्ष देणेही सोडून चालत नाही. कायदा हे केवळ आवरण असते, तर ऑगस्टसला ते इतक्या काळजीपूर्वक विणण्याचे कारण नव्हते. संस्था कार्यरत होत्या हे ग्रुएन यांचे निरीक्षणही बरोबर आहे. मात्र विशेष अधिकारांचे कायदे त्याच कार्यरत संस्थांनी मंजूर केले होते.

या परिवर्तनाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रजासत्ताकाच्या काळात प्रांतांची निर्घृण लूट झाली होती. सिसिलीचा प्रांताधिकारी व्हेरेस याच्यावर इ. स. पू. ७० मध्ये चाललेला खटला हे त्याचे ठळक उदाहरण होय. नव्या व्यवस्थेबद्दल प्रांतांची तक्रार नव्हती, असे टॅसिटससारखा कठोर टीकाकारही मान्य करतो. रोममधील मोजक्या घराण्यांचे स्वातंत्र्य गेले, तेव्हा कोट्यवधी प्रांतवासीयांना शांतता मिळाली. परंतु तिची शाश्वती सत्ताधारी व्यक्तीच्या शहाणपणावर अवलंबून राहिली. ऑगस्टसची व्यवस्था कॅलिग्युला व नीरो यांच्याही हाती तशीच गेली.

निष्कर्ष :

१) रोमन प्रजासत्ताकाची सुरक्षितता पद, मुदत व सहकारी या तीन बंधनांवर अवलंबून होती. इ. स. पू. १३३ पासून ही बंधने एकेक करून सैल झाली.

२) बहुतेक अपवाद खऱ्या संकटांच्या निवारणासाठी, पुष्कळदा रीतसर मतदानाने करण्यात आले आणि ते यशस्वी झाले. त्यांच्या यशामुळेच ते पायंडे बनले.

३) जमीन, धान्य आणि निवृत्त सैनिकांचे प्रश्न सिनेटने वेळेवर सोडविले नाहीत. ते सोडविणाऱ्या व्यक्तीकडे जनतेची व सैन्याची निष्ठा गेली.

४) डिक्टेटरचे पद रद्द करूनही एकसत्ता टळली नाही. अधिकार पदापासून वेगळा करता येऊ लागल्यावर पदाचे अस्तित्व गौण ठरले.

५) ऑगस्टसने नवे पद निर्माण केले नाही. जुन्या पदांचे अधिकार मर्यादांविना एकत्र करून त्याने नवी सत्ता उभारली.

सारांश, संस्थांची नावे व बाह्य रूपे टिकून आहेत, एवढ्यावरून त्या जिवंत आहेत असे मानता येत नाही. कोणत्याही राज्यव्यवस्थेचा अभ्यास करताना अधिकार कोणाकडे आहे, याबरोबरच तो किती काळासाठी आहे, त्यात वाटेकरी कोण आहे आणि तो परत कसा घेता येतो, हे प्रश्न विचारावे लागतात. इ. स. पू. ६७ मध्ये कॅट्युलसने त्यांतील काही प्रश्न विचारले होते. पॉम्पीची नेमणूक होताच धान्याचे भाव उतरले आणि त्याचे प्रश्न मागे पडले. रोमच्या चरित्रनायकांबरोबर कॅट्युलसचा हा इशाराही वर्गात शिकविला गेला, तर या कालखंडाचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.